हात केला म्हणून

५ सप्टेंबर १९९१, गुरुवार

मिसेस स्टाउफर,

मार्सीच्या हाती ही चिठ्ठी देते आहे. बसमध्ये चढताना ती तुम्हाला देईल. फोन केला असता, पण आमच्याकडे आता फोन नाही. गेल्या ऑक्टोबरनंतर जे फोन यायचे ते ऐकून रेने एका संध्याकाळी तारच भिंतीतून उपटून काढली. ती पुन्हा बसवावी असं आम्हा नवराबायकोला अजून वाटलेलं नाही. गावात काय बोलतात ते तुमच्या कानावर असेलच. त्या दिवशी रस्ता ओलांडणाऱ्या क्लाइनांच्या डीनासाठी तुम्ही तुमची पिकअप थांबवलीत, मी थांबवली नाही आणि माझ्या गाडीने तिला उडवलं. तुम्ही 'थांबलेली बाई' झालात. मी कोण झाले ते मला सांगायला नको. आज मला त्याबद्दल बोलायचंही नाही.

तुमची बस शाळेतून निघून तीन वीसला आमच्या घरासमोरून जाते, पण पलीकडच्या कडेने. मी पायरीवर उभी असते. मार्सी डाव्या खिडकीला नाक लावून बसलेली मला दिसते. मग बस उत्तरेकडची सगळी शेतं फिरते, आणि चार पंचवीसला अलीकडच्या कडेने परत येऊन तिला दारात सोडते. सहा वर्षांची पोर स्वतःचं घर बघते आणि एक तास पाच मिनिटांनी घरी पोचते.

मी त्या दिवसापासून गाडीला हात लावलेला नाही. रे पहाटे पाचला शेजाऱ्याच्या गाडीतून ओतकामाच्या कारखान्यात जातो आणि संध्याकाळी साडेपाचला येतो. आमची स्टेशन वॅगन गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली आहे. तेव्हा माझ्यापुढे दुसरा मार्ग नाही. तुम्ही मार्सीला तीन वीसलाच पलीकडे उतरवा. मी रस्ता ओलांडून तिला घ्यायला येईन.

नॅडीन हाव्हलिक


६ सप्टेंबर, शुक्रवार

मिसेस हाव्हलिक,

तुमची चिठ्ठी मिळाली. मार्सीने ती इतकी घट्ट धरली होती की तिची बोटं सोडवावी लागली.

मला तिला पलीकडे उतरवता येत नाही. रागावू नका, कारण सांगते. पाईक रोड दोन लेनचा होता तेव्हा बसची लाल पाटी बाहेर आली की दोन्हीकडच्या गाड्यांनी थांबायचं, असा कायदा होता. रुंदीकरण होऊन आता चार लेन आणि मधली वळायची एक, अशा पाच झाल्या. आपल्या राज्यात चार किंवा जास्त लेन असल्या की फक्त बसच्या मागच्यांनी थांबायचं. समोरून येणाऱ्यांना कायदा थांबा म्हणत नाही. म्हणूनच आम्हाला सक्त सांगितलेलं आहे की ज्या मुलाचं घर ज्या कडेला, त्याला त्याच कडेला उतरवायचं. तुम्ही घ्यायला आलात तरी परतताना तिला घेऊन त्याच पाच लेन ओलांडणार ना?

मी तिला माझ्या मागच्या सीटवर बसवते. माझ्याकडे बिस्किटं असतात. कंटाळली तर रस्त्यातल्या गाई मोजायला लावते. काल एकशे अकरा झाल्या, त्यात काही घोडे होते.

व्हर्ना स्टाउफर


१७ सप्टेंबर, मंगळवार

मिसेस स्टाउफर,

काल मार्सी घरी आली ती दुसऱ्याच कुणाच्या तरी चड्डीत. ओली झालेली पिशवीत होती. तुम्ही जवळ जादा कपडे ठेवता हा तुमचा चांगुलपणा, आभार. पण मागच्या सीटवरच्या मोठ्या मुलींनी तिला नाव पाडलंय ते काही तुमच्या बिस्किटांनी पुसलं जायचं नाही. तीन वीसला ती घराच्या समोर होती. घरात संडास आहे.

ज्याचं जळतं त्याला कळतं. तुम्ही कायद्यावर बोट ठेवून मोकळ्या होता. कायदा मलाही माहीत आहे हो. पोलिसांनी मला तो दोनदा वाचून दाखवला. मी वेगमर्यादेत होते, समोरून येत होते, चार लेनचा रस्ता होता, माझ्यावर थांबायची सक्ती नव्हती. 'बाई, तुमची काही चूक नाही.' त्या कायद्याने मला सोडलं आणि त्याच कायद्याने माझ्या पोरीला रोज तासभर धरून ठेवलंय. तो बरोबर असेल, पण माझ्या घरात त्याने अजून कुणाचं भलं केलेलं नाही.

पायरीवर उभं राहून मला एक सवय लागली आहे. गाड्या मोजते. तुमच्या गाईंसारख्या.

काहीतरी करा.

नॅडीन हाव्हलिक


१९ सप्टेंबर, गुरुवार

मिसेस हाव्हलिक,

काल शाळेच्या ऑफिसात जाऊन आले. म्हटलं, फेरी उलटी करू या. आधी आडवाटेने शेतांकडे जाते, मग पाईकवरून खाली येते. म्हणजे मार्सी लवकर उतरेल. त्यांनी नकाशा पुढे ठेवला. उलटी फेरी केली तर पूर्वेच्या कडेची पाच मुलं तासभर अडकतात, आणि त्यातल्या एकाला दम्याचा त्रास आहे. इकडे आड, तिकडे विहीर. मी नकाशा गुंडाळून परत दिला.

शाळेतून निघण्याआधी मार्सीला संडासला पाठवायचं असं तिच्या बाईंना सांगितलं आहे. त्या मोठ्या मुलींना पुढे आणून माझ्या नजरेसमोर बसवलं आहे.

तुम्ही पायरीवर उभ्या असता ते मला रोज दिसतं. बसमध्ये मुलं असताना मला सीटवरून उठायची परवानगी नाही, नाहीतर एखाद्या दिवशी खाली उतरून तुमच्याशी दोन शब्द बोलले असते. खरं सांगायचं तर परवानगी असती तरी बोलले असते का, कोण जाणे.

व्हर्ना स्टाउफर


३० सप्टेंबर, सोमवार

मिसेस स्टाउफर,

शुक्रवारी तुम्ही आजारी होता म्हणे. आता बरं वाटत असेल. तुमच्या जागी जो बदली माणूस आला होता त्याला तुमचे नियम कुणी सांगितले नसावेत. त्याने तीन वीसला पलीकडे बस थांबवली, पाटी बाहेर काढली आणि मार्सीला उतरवलं. मी पायरीवरून ओरडले, पण पाय हलेनात. आणि काय सांगू, आपल्या बाजूच्या गाड्या थांबल्या. त्यांना थांबायचं कारण नव्हतं तरी एकामागून एक थांबल्या. पावाच्या गाडीतल्या एका माणसाने तर हसून हात केला, ये बाळा, जा म्हणून. मार्सी पळत आली आणि माझ्या पोटात डोकं घुसवलं. तीन बावीसला ती घरात दूध पीत होती.

वर्षभरात पहिल्यांदा मला या गावाबद्दल चांगलं वाटलं. लोकांना डीना आठवते. म्हणून आता थांबतात. तिच्या मोडक्या पायाचं एवढं तरी चीज झालं.

म्हणजे असं करता येतं. आजपासून तुम्हीही तिला तिथेच उतरवा. नाहीतर मी शाळेच्या ऑफिसला लिहीन की बदली माणसाला जमतं ते रोजच्या बाईंना जमत नाही.

नॅडीन


३० सप्टेंबर, दुपार

मिसेस हाव्हलिक,

नाही. ऑफिसला जरूर लिहा. बदली माणसाबद्दल मीही सांगितलं आहे, तो आता या फेरीवर येणार नाही.

पुन्हा कधी कुणी तिला पलीकडे उतरवलं तर तिने बसच्या पायरीवरून हलायचं नाही, हे मी तिच्याकडून पाठ करून घेतलं आहे. तुम्हीही घ्या. कुणी कितीही हसून हात केला तरी.

व्हर्ना स्टाउफर


२ ऑक्टोबर, बुधवार

मिसेस स्टाउफर,

मार्सी घरी येऊन पोपटासारखं म्हणते आहे, 'हात केला तरी जायचं नाही, हात केला तरी जायचं नाही.' रात्री झोपेतही म्हणाली असं रे सांगतो. शाबास.

मला एक कळत नाही. तुम्ही थांबलात म्हणून चर्चमध्ये तुमचं नाव घेतलं गेलं. वर्तमानपत्रात तुमचा फोटो आला, तुमच्या त्या पिकअपशेजारी. त्याच पुण्याईवर तुम्हाला ही बस मिळाली. आणि आता दुसरे कुणी थांबले, चांगुलपणा केला, तर तुम्हाला तो खपत नाही? गावात चांगलं असण्याचा मक्ता काय तुम्ही एकट्याच घेतलाय? थांबायचं तर फक्त तुम्ही, आणि आमच्यासारख्यांनी आयुष्यभर पायरीवर उभं राहून बघायचं.

मी ऑफिसला पत्र लिहिलं आहे. उद्या टपालात टाकते.

नॅडीन हाव्हलिक


३ ऑक्टोबर, गुरुवार

मिसेस हाव्हलिक,

हे पत्र मार्सीच्या हाती देत नाही. तिच्या हातून हे तुमच्याकडे यावं असं मला वाटत नाही. तिकीट लावून टाकते आहे.

त्या दिवशी मी शहरातून सफरचंदं घेऊन येत होते. मी डाव्या लेनमध्ये होते. समोर पलीकडच्या कडेला ऑर्व्हिल टकची बस थांबली. त्याला नव्या नियमाप्रमाणे डीनाला अलीकडच्या कडेला सोडायला हवं होतं, पण एकतीस वर्षं तो तिला आणि तिच्याआधी तिच्या बापाला तिथेच उतरवत आला होता. मला थांबायचं कारण नव्हतं. पण लाल दिवे दिसले आणि पाय ब्रेकवर गेला. आपल्याकडे ते अंगवळणी पडलेलं असतं.

डीना बसच्या पुढे दहा पावलं आली आणि थांबली. मुलांना तसंच शिकवलेलं असतं, दहा पावलं, मग ड्रायव्हरकडे बघायचं, त्याने हात केला की जायचं. तिने ऑर्व्हिलकडे बघायच्या आधी माझ्याकडे बघितलं. मी हसले आणि मी हात केला.

काही विचार करून नाही. आपण दिवसातून वीस वेळा करतो तसा. दुकानाच्या दारात, चौकात, पार्किंगमध्ये. तुम्ही आधी. नाही, नाही, तुम्ही आधी. माझ्या आईने हेच शिकवलं, तुमच्याही शिकवलं असेल. मी आरशात बघितलं नाही. माझ्या उजव्या हाताला तुमची गाडी येते आहे हे मला ती पुढे गेल्यावर कळलं. माझ्या पिकअपआडून तुम्हाला ती दिसणं शक्यच नव्हतं.

मी थांबले नसते तर ती तिथेच उभी राहिली असती. तुमची गाडी गेली असती, माझी गेली असती, मग ती घरी गेली असती.

दवाखान्यात डीना म्हणाली, 'हात केला म्हणून गेले.' सगळ्यांना वाटलं ऑर्व्हिलने केला. तो शपथा घेत होता की त्याने अजून हात वरही नेला नव्हता. कुणी ऐकलं नाही. मी तिथेच उभी होते, कागदाच्या कपात कॉफी घेऊन. मी बोलले नाही. आधी घाबरून, मग लोक माझे हात हातात घेऊन रडायला लागले म्हणून. मग फोटो आला. मग ऑर्व्हिलला काढलं आणि त्याची बस मला देऊ केली. मी नाही म्हटलं असतं तर का म्हणून विचारलं असतं. त्या सीटला त्याच्या बसण्याचा खळगा अजून आहे, मी रोज त्यात बसते.

जो थांबत नाही तो पोरांना दिसतो आणि पोरं कडेलाच उभी राहतात. मला भीती थांबणाऱ्याची वाटते. पावाच्या गाडीतल्या त्या माणसानेही आरशात बघितलं नसेल. तुम्ही मला काय म्हणायचं ते म्हणा, पण मार्सीला तिथून ओलांडू देऊ नका.

व्हर्ना स्टाउफर


१४ ऑक्टोबर, सोमवार

व्हर्ना,

अकरा दिवस मी लिहिलं नाही, कारण जे लिहीत होते ते चुलीत घालण्याच्या लायकीचं होतं. मार्सीला दोन दिवस घरी ठेवलं. तिसऱ्या दिवशी ती तुझ्याच बसमधून गेली, कारण दुसरी बस नाही. तू तिला बिस्किटं दिलीस. मी तिला विचारलं, खाल्लीस का? म्हणाली, हो. माझा हात तिच्या गालावर पडता पडता राहिला.

तुला एक सांगते, जे मी पोलिसांनाही सांगितलं नव्हतं. डीना पुढे आली तेव्हा मला तिचा चेहरा दिसला. अर्धा क्षण. ती हसत होती. वर्षभर मी स्वयंपाकघरात उभी राहून त्या हसण्याचा अर्थ लावते आहे. समोरून गाडी अंगावर येत असताना पोर हसेल कशाला? मला वाटायचं, मी वेडी झाले आहे, ते हसू मीच मनाने चिकटवलंय. रेला सांगितलं तर तो म्हणायचा, सोड ते. आता कळलं ती कुणाकडे बघून हसत होती. एका ओळीची चिठ्ठी पुरली असती, व्हर्ना. वर्षभरात कधीही.

मी तुझ्यावर खूश नाही. आणि तुझ्यावर धड चिडताही येत नाही, याचाच मला जास्त राग आहे. कारण काल बेकरीच्या दारात एका बाईला मी स्वतः हात केला, तुम्ही आधी म्हणून. आणि तिथेच मी वळून मागे बघितलं, कुणी येतंय का ते.

तुझं पत्र मी कुणाला दाखवणार नाही. रेलाही नाही. पण मला सांगून तू मोकळी झालीस असं समजू नकोस. मी तुझं कपाट नाही, आत ठेवलं आणि दार लावलं. ऑर्व्हिलला सांग. क्लाइनांना सांग. ते तुझं काम आहे, ते मी करणार नाही.

ऑफिसचं पत्र टाकलं नाही. मार्सीला चार पंचवीसलाच सोड.

नॅडीन


२५ ऑक्टोबर, शुक्रवार

नॅडीन,

गेल्या रविवारी ऑर्व्हिलकडे गेले. तो भोपळ्याच्या शेतात होता, वेल कापत. मी सगळं सांगितलं. मग चाकू मिटून खिशात टाकला आणि म्हणाला, "मला पक्कं ठाऊक होतं मी हात केला नव्हता. पण सगळं गाव म्हणत होतं केला, केला. उन्हाळ्यापर्यंत मलाच वाटायला लागलं, केला असेल. म्हातारपणी माणूस विसरतो." मला घरात बोलावलं नाही. मी निघताना त्याने एक भोपळा माझ्या गाडीत ठेवला. का ते मला कळलं नाही, मीही विचारलं नाही.

डीनाच्या आईने ऐकून घेतलं आणि दार लावलं. आतून डीनाचा आवाज आला, 'मी सांगितलं होतं ना, बसवाल्या आजोबांनी नाही म्हणून.' तेवढंच ऐकू आलं.

सोमवारी ऑफिसला लिहून दिलं. आज माझी शेवटची फेरी. ऑर्व्हिलला परत बोलावणार नाहीत, कारण चुकीच्या कडेला त्याने उतरवलं होतंच. नवा माणूस उंच आहे, बोलतो कमी. मार्सीची जागा त्याला दाखवली आहे. संडासचं सांगितलं आहे. गाईंचं सांगितलं नाही, ते मार्सीच सांगेल.

तू विचारलं नाहीस, तरी सांगते. मोकळं वगैरे काही वाटत नाही. सगळं तसंच आहे, फक्त आता लोकांना माहीत आहे. काल दुकानात माझ्यासाठी कुणी दार धरलं नाही.

व्हर्ना


८ नोव्हेंबर, शुक्रवार

व्हर्ना,

आमचा फोन अजून नाही, म्हणून पत्र.

दोन आठवडे लोक पायरीवर माझ्याशी बोलायला येतायत. घरी भाजलेले फळांचे गोड पाय घेऊन येतात. सफरचंदांचा, चेरीचा, एकीने तर दोन आणले. वर्षभर फोनवर शिव्या देणारी तोंडंसुद्धा त्यात असतील, आवाजावरून एकदोन मी ओळखली. मी ताट घेते आणि आभार मानते. मी निर्दोष आहे असं ते मला सांगतात. ते पोलिसांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्या पोरीचा पाय अजून दोन इंच आखूडच आहे.

काल मी ताडपत्री काढली. रेने बॅटरी बदलून ठेवली होती, मला न सांगता, ऑगस्टमध्येच. तीनला गाडी दारापर्यंत आणली आणि पाईकच्या तोंडाशी थांबले. डावीकडून गाड्या येत होत्या.

एक माणूस जवळच्या लेनमध्ये थांबला. हिरवी टोपी, म्हातारा, चांगला चेहरा. हसला आणि हात केला. या, या, तुम्ही आधी.

मी मान हलवली. त्याने पुन्हा हात केला. मी पुन्हा मान हलवली. त्याच्या मागे रांग लागली, कुणीतरी भोंगा वाजवला. त्याला वाटलं असेल, ही बाई वेडी आहे किंवा उद्धट आहे. शेवटी तो खांदे उडवून निघून गेला. त्याच्या पलीकडच्या लेनमधून काहीही आलं नाही. ती रिकामी होती. तरी मी तिथेच थांबले, सगळं दोन्हीकडे दिसेपर्यंत. चार मिनिटं लागली. मग गेले.

शाळेच्या दारात मार्सीने आधी मला ओळखलंच नाही. तिला मी पायरीवर उभी असलेली माहीत आहे. गाडीत बसल्यावर म्हणाली, "आता गाई कोण मोजणार?"

घरी यायला आम्हाला सात मिनिटं लागली. बस पलीकडून आमच्या दारासमोरून गेली तेव्हा मार्सी पायरीवर बसून चेरीचा पाय खात होती. त्यातल्या मोठ्या मुलींनी खिडकीतून तिला हात केला. ती माझ्याकडे बघायला लागली, करू का म्हणून.

मी म्हटलं, इथून कर. इथून केलेला चालतो.

तुला माफ केलं की नाही ते विचारू नकोस, मला माहीत नाही. पण तू अजून पिकअप चालवतेस का, ते कळव. चालवत नसशील तर मंगळवारी मी गावात जाणार आहे. तुझं घर अलीकडच्या कडेला आहे, तुला घ्यायला रस्ता ओलांडून वळावं लागत नाही.

नॅडीन